हाडासाठी भोकं आखताना

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी इन्स्पेक्शनला होते, तेव्हा कास्टिंगमध्ये भोक सापडलं की माल थेट रिजेक्ट. ब्लो होल असो की पिन होल, वाळूतला ओलावा तपासा, कारण शोधा, रिपोर्ट लिहा. नंतर पुण्यात पीएचडीला आले आणि गाइडनी विषय दिला तो नेमका उलटा. ज्यात साठ-सत्तर टक्के जागा रिकामी आहे, ती सगळी रिकामी जागा आतून एकमेकीला जोडलेली आहे, आणि काम झालं की जी शरीरात हळूहळू विरून जाईल, अशी वस्तू थ्रीडी प्रिंटरवर छापायची. हाडाचा तुकडा गेला की तिथे बसवायचं स्कॅफोल्ड.

मोडलेलं हाड सांधतं याचं आपल्याला काही अप्रूप राहिलेलं नाही. प्लास्टर घातलं, हात गळ्यात बांधला, दीड-दोन महिन्यांत माणूस कामाला. पण मधला तुकडाच गेलेला असेल तर हाड दोन्ही टोकांकडून थोडं पुढे येतं आणि थांबतं. सशाच्या पुढच्या पायातल्या रेडियस हाडाचा १५ मिलिमीटरचा तुकडा त्यावरच्या आवरणासकट काढला, तर ती पोकळी आपली आपण हाडाने भरत नाही. तंतुमय ऊतक आधी पोचतं, जागा अडवून बसतं आणि हाडाची वाट बंद होते. म्हणून त्या पोकळीत काहीतरी ठेवायचं, जे जागा राखेल, पेशींना धरायला आधार देईल आणि हाड तयार होत गेलं की स्वतः बाजूला होईल. ऐकायला सोपं आहे.

आमच्यासोबत एका डेंटल कॉलेजचा ओरल सर्जरी विभाग होता. तिथल्या वॉर्डात तंबाखू-गुटख्याने जबड्याचा कॅन्सर झालेले रुग्ण सतत असत. खालच्या जबड्याचा मोठा भाग काढल्यावर पायातलं फायब्युला हाड घेऊन त्याचा जबडा घडवतात. तिथल्या सर्जननी, म्हणजे आमच्या सरांनी, मला एकदा ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) उभं केलं होतं. पायातून हाड काढताना त्याची धमनी आणि शीरही सोबत काढली. मग मायक्रोस्कोपखाली डोळ्यांना धड दिसणारही नाही अशा धाग्याने ती मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडली. सकाळी सुरू झालेलं ऑपरेशन संध्याकाळपर्यंत चाललं. जोड पूर्ण होऊन रक्तवाहिन्यांवरचे चिमटे सोडल्यावर हाडाच्या कडेतून लाल रक्त पाझरायला लागलं, तेव्हा कुठे सर स्टुलावर बसले.

पहिल्या मीटिंगला मी ताकदीचे ग्राफ घेऊन गेले होते. मेकॅनिकलवाल्यांची सवय. हाडाचं बाहेरचं टणक कवच साधारण १५ ते २० गिगापास्कल (ताठपणाचं एकक) ताठ असतं, टायटॅनियमचा मिश्रधातू ११० च्या आसपास. एवढं ताठ काही शरीरात बसवलं की भार तेच उचलतं, शेजारचं हाड बिनकामाचं होतं आणि झिजतं. ज्यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये जर्मनीत हेच मांडलं होतं की हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. तेव्हा ताठपणा हाडाच्या जवळपास आणायचा, असा माझा सगळा हिशोब. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "ताकदीला माझ्याकडे प्लेट आहे, स्क्रू आहेत. तू मला एवढंच सांग, याच्या मध्यावर रक्त कुठून येणार?"

पुढची सगळी वर्षं मी या एका प्रश्नाचं उत्तर आखत होते असं म्हटलं तरी चालेल. जिवंत पेशीला ऑक्सिजन लागतो आणि केशवाहिनीपासून, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिनीपासून, तो फार तर १०० ते २०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आत झिरपतो. त्यापलीकडची पेशी गुदमरते. बोटभर लांबीच्या स्कॅफोल्डचा मधला भाग कोणत्याही रक्तवाहिनीपासून कित्येक मिलिमीटर दूर असतो. म्हणजे आत रक्तवाहिन्या शिरल्याच पाहिजेत, आणि त्यांना शिरायला रस्ता हवा. भोक किती मोठं, ते शेजारच्या भोकाला किती रुंद दाराने जोडलंय, यावर सगळं अवलंबून. १९७० च्या सुमाराचे प्रयोग १०० मायक्रॉन ही खालची मर्यादा सांगत. नंतरचा अनुभव ३०० च्या वर जा, असं सांगतो. आणि भोकं वाढवली की ताकद पडते, तीही सरळ हिशोबाने नाही. गिब्सन आणि अॅशबी यांनी सच्छिद्र पदार्थांसाठी दिलेल्या नियमाप्रमाणे ताठपणा घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. सत्तर टक्के जागा रिकामी ठेवली तर मूळ पदार्थाचा जेमतेम नऊ टक्के ताठपणा उरतो. सरांच्या प्लेटचं महत्त्व मला इथे पटलं.

रुग्ण कुठले निवडायचे हाही डिझाइनचाच भाग निघाला. आम्ही सुरुवातीला कॅन्सरच्या रुग्णांचा विचार करत होतो, कारण ते डोळ्यांसमोर होते. सरांनीच तो बाजूला ठेवला. कॅन्सरनंतर रेडिएशन होतं, आणि रेडिएशन झालेल्या हाडाचा, आजूबाजूच्या मऊ भागाचा रक्तपुरवठा आधीच मेटाकुटीला आलेला असतो. तिथे फायब्युलाच, कारण तो आपली धमनी सोबत घेऊन येतो. स्कॅफोल्डला शेजाऱ्यांकडून रक्त उसनं घ्यावं लागतं. म्हणून आम्ही अमेलोब्लास्टोमासारखी कॅन्सर नसलेली पण जबडा पोखरणारी गाठ, मोठी सिस्ट, अपघात, अशा जागांकडे वळलो. वर्तमानपत्रांत "छापलेलं हाड" अशा बातम्या येतात तेव्हा हा भाग गाळलेला असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कामाची सुरुवात सीटी स्कॅनपासून. स्कॅनच्या फाइल थ्रीडी स्लायसरमध्ये उघडायच्या. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि उत्तम आहे. घनतेची एक खालची मर्यादा ठरवून हाड वेगळं काढायचं. साधारण सव्वादोनशे हाउन्सफील्ड युनिटपासून (सीटीतली घनता यात मोजतात) सुरुवात करतात, पण जबड्यात तेवढ्यावर भागत नाही. दातात चांदी भरलेली असली की त्यातून चांदणीसारखे पांढरे पट्टे फुटतात आणि सॉफ्टवेअरला तेही हाडच वाटतं. ते हाताने, एकेका स्लाइसवर खोडावे लागतात. स्कॅन ३ मिलिमीटर जाडीच्या स्लाइसचा असेल तर हाडाच्या कडेला पायऱ्या येतात, म्हणून आम्ही एक मिलिमीटरच्या आतला स्कॅनच मागायचो. मग चांगल्या बाजूचा जबडा आरशातल्यासारखा उलटवून गेलेल्या बाजूवर बसवायचा, फरक काढायचा. हा झाला बाहेरचा आकार. यात थरार वाटतो, स्क्रीनवर जबडा फिरवून पाहुण्यांना दाखवता येतो. खरं काम आतलं आहे.

आतल्या रचनेत मी गायरॉइडच्या प्रेमात होते. अॅलन शोएन या नासातल्या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये तो आकार जगापुढे आणला. साइन-कोसाइनच्या एका ओळीच्या समीकरणातून अखंड वळत जाणारा पृष्ठभाग तयार होतो. कुठे कोपरा नाही, सगळ्या वाटा एकमेकींना मिळालेल्या. पेशींना खोलगट वळणात ऊतक भरायला सोपं जातं हेही प्रयोगांत दिसलंय, म्हणजे आकारही कामाचा. धातूच्या भुकटीवर लेझर चालवून गायरॉइड सुरेख बनतो. पण आमच्याकडे होता वितळलेलं पॉलिमर सुईसारख्या नोझलमधून सोडणारा प्रिंटर. त्यावर एवढा बारीक गायरॉइड म्हणजे प्रत्येक थरात थांबा, उचला, पुन्हा सुरू करा, आणि दर ठिकाणी एक गुठळी. शेवटी साधी जाळी घेतली. एका थरात समांतर तंतू, वरच्या थरात ६० अंशांनी वळवलेले, त्यावर १२०. दिसायला गरीब, पण छापता येते आणि काय छापलं गेलंय हे मोजता येतं.

पदार्थाचा निर्णय ओटीनेच करून दिला. मला सिरॅमिकचं आकर्षण होतं, कारण हाडातला जवळपास दोन तृतीयांश भाग खनिजाचाच असतो आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे त्या खनिजाच्या नात्यातलं. त्याची पेस्ट छापायची, सावकाश वाळवायची आणि भट्टीत ११०० अंशांच्या आसपास भाजायची. ११२५ च्या वर गेलं की त्याचं अल्फा रूप होतं आणि ते शरीरात फार लवकर विरघळतं, त्यामुळे भट्टीवर डोळा ठेवून बसायचं. भाजताना वस्तू आक्रसते, म्हणून आकार आधीच मोठा आखायचा. हे सगळं जमलं. सरांनी नमुना हातात घेतला, ओटीतल्या बरने, म्हणजे हाड घासायच्या फिरत्या हत्याराने, कड घासून पाहिली, स्क्रूसाठी भोक पाडायला गेले आणि ट्रेमध्ये तुकडे. ऑपरेशनच्या वेळी जबडा ठरवल्यापेक्षा दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे कापला जातोच. तिथे उभ्या उभ्या जे कापता येत नाही, ते कितीही हाडासारखं असलं तरी सर्जन वापरत नाही.

म्हणून पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल हे प्लास्टिक. डीटमार हटमाखर आणि त्यांच्या सिंगापूरच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास याच्याच जाळ्या छापून दाखवल्या आणि त्या पुढे कवटीच्या भोकांसाठी रुग्णांमध्ये वापरल्याही गेल्या. ६० अंशांना वितळतं, ब्लेडने कापता येतं, शरीरात दोन-तीन वर्षं घेत विरतं. (६० अंश लक्षात ठेवायचे. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत नमुन्यांचा डबा ठेवायचा नाही.) त्यात वजनाने वीस टक्के ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिसळलं. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून मिसळणं सोपं पडतं, पण उरलेलं क्लोरोफॉर्म पेशींना मारतं, म्हणून वितळवूनच मिसळायचं ठरलं.

छापणं कंटाळवाणं आहे. शंभर अंशांवर तापवलेली धातूची सिरिंज, मागून हवेचा दाब, ०.४ मिलिमीटरचं नोझल, सेकंदाला काही मिलिमीटर इतका वेग. वितळलेल्या पीसीएलला चिक्कीच्या पाकासारखी तार सुटते. वेग जरा वाढवला की तार ताणून बारीक होते, कमी केला की जाड होऊन शेजारचं भोक बुजवते. पुण्याच्या दमट पावसाळ्यात आणि कोरड्या मार्चमध्ये सारखाच माल निघत नव्हता, म्हणून पीसीएलच्या गोळ्या आधी व्हॅक्यूममध्ये वाळवायला लागलो. मायक्रो-सीटीत (छोट्या नमुन्यांचा बारीक तपशील दाखवणारा सीटी) पाहिलं तर आखलेली भोकं आणि छापलेली भोकं यांत फरक असायचाच, कारण दोन आधारांच्या मधला तंतू थोडा झुकतो. आखताना तेवढी सूट धरायची.

एक गोष्ट मात्र मायक्रो-सीटीनेच दाखवली, नुसत्या डोळ्यांना ती कधी खटकली नसती. नोझल एका ओळीच्या शेवटी वळून दुसरी ओळ घेतं तेव्हा कडेला एक छोटी वळी तयार होते. थरावर थर चढला की या वळ्या एकमेकींवर बसून बाजूची भिंत जवळजवळ बंद करतात. वरून पाहिलं तर सुंदर जाळी, बाजूने पाहिलं तर कुंपण. आणि रक्त येणार ते बाजूनेच. उपाय साधा निघाला. हवा त्यापेक्षा मोठा चौकोनी ठोकळा छापायचा आणि त्यातून हवा तो आकार कापून काढायचा, कडेच्या वळ्या फेकून द्यायच्या. माल वाया जातो, पण सगळ्या बाजूंनी दारं उघडी राहतात.

पीसीएलवर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा बसून राहतो, पसरत नाही. पेशींनाही असा पृष्ठभाग आवडत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात काही तास बुडवलं की पृष्ठभाग खरखरीत होतो आणि थेंब पसरतो. मग स्वच्छ धुवायचं, पीएच सातवर येईपर्यंत धुवायचं. निर्जंतुक करायला वाफेचा ऑटोक्लेव्ह चालत नाही, १२१ अंशांना सगळं डबकं होईल. इथिलीन ऑक्साइड वायू वापरला आणि नंतर तो वायू निघून जाईपर्यंत नमुने हवेशीर ठेवले.

पेशींचं काम मी बायोटेकच्या मैत्रिणीच्या मागे लागून शिकले. उंदराच्या कवटीतून आलेली एमसी३टी३ ही पेशींची ओळ, हाड बनवायला उद्युक्त करणारं माध्यम, सातव्या-चौदाव्या दिवशी अल्कलाइन फॉस्फेटेज (पेशी हाड बनवायला लागल्याची खूण असलेलं एन्झाइम), एकविसाव्या दिवशी अलिझरिन रेडचा रंग. कॅल्शियम साचलं असेल तिथे तो लाल होतो. आता आमच्या स्कॅफोल्डमध्ये कॅल्शियम आधीपासूनच आहे, त्यामुळे पेशी न टाकलेला नमुनाही गुलाबी होतो. तो कोरा नमुना शेजारी ठेवून वजा केल्याशिवाय त्या लाल फोटोंना काही अर्थ नाही. कुणी नुसते लाल फोटो दाखवले तर मी आता कोरा नमुना कुठे आहे विचारते.

इथेच एक मजेदार उलट निकाल मिळाला. पेशी वाढवतात त्या डिशमध्ये लहान भोकांची जाळी सरस ठरली. मोठ्या भोकांच्या जाळीत टाकलेल्या पेशी खाली निसटून डिशच्या तळाला जाऊन बसल्या, त्यामुळे मोजणीत आकडा कमी. डिशमध्ये रक्तवाहिन्याच नसतात, तर त्यांच्या रस्त्याची किंमत डिश कशी करणार? गाइड म्हणाले, डिशचा निकाल मान आणि भोकं लहान कर. मी म्हटलं, सर, ससा ठरवू दे. थोडी वादावादी झाली, मग दोन्ही जाळ्या पुढे न्यायचं ठरलं.

प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी लागते. फॉर्म बी भरायचा, किती प्राणी आणि तेवढेच का हे संख्याशास्त्राने दाखवायचं, वेदना कमी कशी ठेवणार ते लिहायचं. समितीतल्या एका बाईंनी मला बराच वेळ धारेवर धरलं, आणि ते योग्यच होतं. न्यूझीलंड व्हाइट ससे, रेडियसचा १५ मिलिमीटरचा तुकडा. सशात रेडियस आणि शेजारचं अल्ना हाड जवळजवळ चिकटून असतात, अल्ना भार उचलते, त्यामुळे प्लेट बसवावी लागत नाही. शुद्धीवर आल्यावर थोड्याच वेळात ससा चारही पायांवर उभा होता. एका गटात पोकळी रिकामीच ठेवली होती.

मधल्या एक्स-रेत फार काही कळत नाही, पीसीएल एक्स-रेला दिसतच नाही आणि फॉस्फेटचं नुसतं धुकं दिसतं. बारा आठवड्यांनंतरच्या स्लाइडवर सगळी भिस्त. हाडातलं कॅल्शियम ईडीटीए या रसायनाने काढायलाच काही आठवडे गेले, मग पॅराफिन मेणात बसवणं, मग मायक्रोटोमवर पातळ काप. पॅराफिनच्या आधी झायलीन हे द्रावक वापरतात आणि झायलीनमध्ये पीसीएल विरघळून जातं. त्यामुळे स्लाइडवर माझे तंतू कुठेच नव्हते. जिथे तंतू होते तिथे गोल, लांबट, स्वच्छ पांढऱ्या जागा, आणि जी जागा मी रिकामी आखली होती ती गुलाबी ऊतकाने भरलेली. पॅथॉलॉजीच्या मॅडमनी स्टेज सरकवत दाखवलं: दोन्ही टोकांना नवं हाड, त्यात पेशींची घरं, कडेला रांगेत बसलेले ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड बनवणाऱ्या पेशी. अल्नाच्या बाजूनेही हाड आत शिरलेलं. मोठ्या भोकांच्या जाळीत ते लहान भोकांपेक्षा बरंच आतपर्यंत गेलं होतं. आणि अगदी मध्यावर, दोन्ही जाळ्यांत, तंतुमय ऊतक. त्यात बारीक रक्तवाहिन्या होत्या, हाड नव्हतं.

सरांना स्लाइडचे फोटो पाठवले. त्यांचा फोन आला, "मध्यावर पोचली नाही ना गाडी. लांबीच्या दिशेने सरळ बोगदे ठेव." जाळीतली भोकं रक्तवाहिनीला दर थराला वळायला लावतात, टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेला, मिलिमीटरभर रुंद मार्ग असेल तर वाहिनी लवकर आत पोचेल, असं त्यांचं म्हणणं. शिवाय त्याच बोगद्यातून कमरेच्या हाडातून काढलेली रुग्णाची स्वतःची मज्जा सिरिंजने भरता येते. छापायला हे अवघड नाही, जाळीत ठरावीक ठिकाणी तंतू गाळायचे. ताकद आणखी पडते, पण त्याची काळजी करणं मी कधीच सोडलंय.

माणसापर्यंत पोचायला अजून बरंच अंतर आहे. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सखाली शरीरात विरणारी वस्तू जोखमीच्या वरच्या वर्गात येते, आणि कॉलेजच्या लॅबमधल्या प्रिंटरवर छापलेलं काही रुग्णात बसवता येत नाही. स्वच्छ खोली, प्रत्येक बॅचची नोंद, जैवसुसंगततेच्या चाचण्या, सगळं नव्याने. दरम्यान सध्या टेबलावर आहे ती हिरडीची बाजू. सशाच्या पायात लाळ नव्हती, तोंडात आहे. हिरडीचं ऊतक हाडापेक्षा कितीतरी जोरात वाढतं. वरची भोकं उघडी ठेवली तर तेच आत उतरून जागा बळकावेल. म्हणून वरच्या बाजूला भोकं बंद करणारा पातळ थर छापतेय. तो थर ताठ झाला तर त्याची कड हिरडीला आतून कापते आणि टाके उसवतात, असं सरांचं म्हणणं आहे. पुढच्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या जाडीचे थर घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे. बोकडाचा जबडा मी आणायचा, सुई-धागा त्यांचा.